गुडघ्यातला नवा दोर आणि एमआरआय

कबड्डीत पकड करताना किंवा दुचाकीवरून पडताना गुडघा पिळवटतो, आतून 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. अशा वेळी पुष्कळदा मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध तुटलेला असतो. तो आपोआप पुरेसा भक्कम जुळून येईल याची खात्री नसते. म्हणून गरज असेल तेव्हा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून, दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती तिथे बसवतात.

सहा महिन्यांनी काही कारणाने एमआरआय काढला जातो. 'नवा अस्थिबंध उजळ दिसतो' असे अहवालात वाचून घरचे घाबरतात. ऑपरेशन फुकट गेले की काय?

पण उजळ म्हणजे तुटलेला नव्हे. एमआरआय मुख्यतः शरीरातल्या पाण्याचा माग घेतो. निरोगी कंडरेत पाणी घट्ट बांधलेले असते, म्हणून ती काळी दिसते. जागेवरून काढलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, तंतूंची मांडणी नव्याने होते. या उलथापालथीत पाणी वाढते आणि काळा दोर करडा, उजळ दिसू लागतो. साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात हे ठळक असते. पुढे वर्ष-दोन वर्षांत तो बहुधा पुन्हा काळसर होतो.

म्हणून डॉक्टर केवळ रंग पाहत नाहीत. दोर सलग आहे का, ताणलेला आहे का, बोगदे योग्य जागी आहेत का, हे पाहतात. नडगीतला बोगदा फार पुढे पडला, तर पाय सरळ करताना दोर वरच्या हाडाला घासतो. कधी दोरासमोर व्रणाची गाठ तयार होते आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. अशी गाठ दुर्बिणीतून काढता येते. टायटॅनियमच्या स्क्रूमुळे चित्रात थोडी सावली पडते, पण तपासणीला सहसा अडचण येत नाही.

निदान मात्र एकट्या चित्रावर होत नाही. नडगी हाताने पुढे ओढून गुडघा किती सैल आहे, हे तपासावेच लागते.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. दुखणे थांबले म्हणजे दोर पक्का झाला असे नाही. मैदानात परतण्यापूर्वी किमान नऊ महिने थांबा, मांडीचे स्नायू बळकट करा आणि डॉक्टरांची परवानगी घ्या. घाई केली, तर तोच दोर पुन्हा तुटू शकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)