मौखिक वाङ्मयाची साठवण : स्तर, क्षमता आणि पाठभेद

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके मौखिक वाङ्मयाच्या दृष्टीने समृद्ध आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी अशा समाजांची लग्नगीते, विधिगीते, कथा आणि ओव्या येथे अजून कंठस्थ आहेत. ध्वनिमुद्रणाची साधने आता सर्वांच्या हाती आली आहेत. त्यामुळे संकलनाचा प्रश्न बराच सुकर झाला. मात्र संकलित सामग्री कोठे व कशी ठेवावयाची, हा प्रश्न बिकट झाला आहे. तो केवळ यंत्रज्ञाचा प्रश्न मानला जातो. वास्तविक तो पाठचिकित्सेचाही प्रश्न आहे.

प्रथम परिमाणांचा विचार करू. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणाने केलेले एक तासाचे द्विमार्गी ध्वनिमुद्रण सुमारे १.०४ गिगाबाइट जागा घेते. ९६ किलोहर्ट्झला ती दुप्पट होते. १०० तासांच्या मुद्रणाला अनुक्रमे सुमारे १०४ आणि २०७ गिगाबाइट लागतात. सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाचे तेवढेच चित्रमुद्रण सव्वा अकराशे गिगाबाइटपर्यंत जाते. याउलट लिखित पाठ अत्यल्प जागेत मावतो. एका ओवीत सरासरी १०० चिन्हे व युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट धरले, तर एक लाख ओव्यांची संहिता सुमारे ३० मेगाबाइटमध्ये सामावते. ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणाची दोन मिनिटेही तेवढ्या जागेत बसत नाहीत. म्हणजे क्षमतेचा ताण शब्दांमुळे नव्हे, तर आवाज व दृश्य यांमुळे येतो. आणि मौखिक वाङ्मयाचे मौखिकत्व तर आवाजातच असते.

अनेक संगणकांना एकाच वेळी वापरता येईल अशी, नेटवर्कला जोडलेली स्वतंत्र साठवण म्हणजे ‘नॅस’. तिच्यात सामग्रीचे स्तर करता येतात. वारंवार लागणारी सामग्री वेगवान पण महागड्या एसएसडीवर, अधूनमधून लागणारी साध्या हार्ड डिस्कवर आणि क्वचित लागणारी जोडणीबाहेर काढून ठेवलेल्या डिस्कवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवतात. फाइल शेवटची केव्हा उघडली गेली, हे पाहून ती खालच्या स्तरावर हलविण्याचे नियम यंत्रणेत घालता येतात.

हा निकष खर्चाच्या दृष्टीने योग्य असला, तरी वाङ्मयीन महत्त्वाशी त्याचा संबंध नाही. अभ्यासक्रमात नेमलेले गीत दर परीक्षेपूर्वी ऐकले जाते. कातकरी बोलीतील एखादे दीर्घ कथन दहा वर्षे कोणी उघडणार नाही. तथापि त्या कथनाचे दुसरे मुद्रण कोठेही नसण्याचा संभव असतो. वापर आणि मूल्य ही दोन भिन्न मापे आहेत. खालचा स्तर म्हणजे संथ स्तर. त्याज्य स्तर नव्हे.

खरा धोका जागा संपू लागल्यावर निर्माण होतो. यंत्रणा पुनरावृत्ती शोधते ती बिटांच्या तंतोतंत साम्यावरून. एकाच गीताची दोन गायने तिच्या लेखी कधीच एक नसतात. चूक होते ती माणसाकडून. ‘हळदीचे गाणे’ या एकाच नावाच्या तीन फायली दिसल्या की दोन अनावश्यक वाटतात. वस्तुतः एक शहापूरकडील, दुसरी मुरबाडकडील आणि तिसरी त्याच गायिकेने काही वर्षांनी गायिलेली असू शकते. हे पाठभेदच अभ्यासाचा विषय असतात. म्हणून फाइलच्या नावात व नोंदीत गाव, बोली, दिनांक, प्रसंग आणि गाणाऱ्याची संमती यांचा निर्देश अनिवार्य मानला पाहिजे. नोंदीविना साठवण म्हणजे केवळ अडगळ.

जागा वाचविण्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे. मूळ मुद्रण अबाधित ठेवून खालच्या स्तरावर न्यावे आणि ऐकण्यासाठी संक्षेपित प्रत वर ठेवावी. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपीथ्री प्रत तासाला सुमारे ५८ मेगाबाइट घेते. १०० तासांचा संग्रह ६ गिगाबाइटच्या आत बसतो. परंतु अशी प्रत तयार झाली म्हणून मूळ पुसणे हा अपरिहार्य ऱ्हास होय. संक्षेपात गाळलेला ध्वनी परत मिळत नाही.

संरक्षणाविषयीही एक गैरसमज आढळतो. ४ टेराबाइटच्या चार डिस्क ‘रेड-५’ पद्धतीने जोडल्यास १२ टेराबाइट वापरता येतात व एक डिस्क बिघडली तरी सामग्री टिकते. ‘रेड-६’मध्ये ८ टेराबाइट मिळतात व दोन डिस्कचा बिघाड सोसतो. पण चुकून पुसलेली फाइल, आग किंवा विजेचा झटका यांपासून ही रचना वाचवीत नाही. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हा नियम म्हणूनच आवश्यक ठरतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा दमट पावसाळा आणि खेड्यांतील खंडित वीजपुरवठा पाहता यूपीएस, कोरडी जागा आणि प्रतींची ठरावीक काळाने पडताळणी यांना पर्याय नाही. एकूण क्षमतेचा पाचवा हिस्सा मोकळा राखणे व प्रत्येक प्रकल्पाला मर्यादा नेमून देणे, हे नियोजनही आरंभीच करावे.

या संदर्भात जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे उदाहरण उद्बोधक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पारी’ने ही सामग्री क्रमाने प्रकाशित केली. जपलेले मुद्रण दोन दशकांनंतर श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकते, हे त्यावरून दिसते.

शहापूर तालुक्याला साठवणीचा अर्थ वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. १८९२ मध्ये सुरू झालेल्या तानसा जलाशयातून मुंबईला पाणी जाते आणि याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मौखिक वाङ्मयाबाबत तसे घडू नये. ज्या पाड्यावर गीत मुद्रित झाले, तेथील माणसांना ते ऐकता येईल अशी एक प्रत तालुक्यातच असली पाहिजे. कोणती सामग्री कोणत्या स्तरावर ठेवावी हे यंत्रज्ञ ठरवू शकेल. काय ठेवावे आणि कोणासाठी, हे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकानेच ठरवावयाचे आहे.