गाठ निघाल्यानंतर

अकूस्टिक न्यूरोमा ही कानाच्या नसेवर, बहुधा तिच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेवर, वाढणारी साधी गाठ, कर्करोग नव्हे. ती वाढते सावकाश, पण कान आणि मेंदूचा देठ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, आणि चेहरा हलवणारी नस तिला चिकटूनच गेलेली असते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या मागे जे लागते, ते बरेचसे या शेजारामुळे.

आरंभी प्रश्न जीव वाचण्याचा होता. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले त्याच वर्षी, १८९४ मध्ये, लंडनला चार्ल्स बॅलन्स यांनी अशी गाठ काढली. (ती याच जातीची होती का, यावर पुढे वाद झाला.) रुग्ण बाई वाचली, मात्र चेहरा लुळा पडला आणि एक डोळा नंतर काढावा लागला. हार्वे कुशिंग यांनी गाठीचे आवरण जागीच ठेवून आतला गाभा काढण्याची पद्धत रूढ केली. या गाठींवरचा त्यांचा ग्रंथ १९१७ चा. मृत्यू खूप घटले. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस सूक्ष्मदर्शक घेऊन कानामागच्या हाडातून गाठीपर्यंत पोचले, तेव्हा कुठे चेहरा वाचवणे हे उद्दिष्ट ठरले. १९६९ मध्ये स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी गामा नाइफचा, म्हणजे न कापता गाठीवर किरणांचा नेमका मारा करण्याचा, मार्ग दाखवला. १९९० च्या दशकात ते यंत्र मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले.

कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यातल्या बिद्रीसारख्या गावाच्या दृष्टीने खर्चाची बाजू बदलली ती बरीच उशिरा. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत कोल्हापूर नव्हते. २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर लागू झाली. आजची महात्मा फुले योजना तीच. तिचा भर मात्र उपचारावर. पुढची वर्षे घरच्यांनीच निभवायची.

गाठीपायी एक कान गेला की आवाज ऐकू येतो, दिशा कळत नाही. गळीत हंगामात बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात, तेव्हा हॉर्न कुठून वाजला हे मान वळवूनच पाहावे लागते. तोलाचे बरे असते: दुसऱ्या बाजूचा अवयव काही आठवड्यांत-महिन्यांत काम अंगावर घेतो. पण त्याला डोळ्यांची साथ लागते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला अंधारात बांधावरून निघालेल्या माणसाचा झोक हमखास जातो. पडून राहिल्याने हे सुधारत नाही. चालण्याच्या, मान फिरवण्याच्या व्यायामाने सुधारते.

सर्वांत जपायचा तो डोळा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. त्या बाजूची संवेदनाही गेली असेल तर जखम दुखतसुद्धा नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पट्टी, धुळीत चष्मा. लागल्यास पापणीत सोन्याचे छोटे वजन बसवतात. ‘वारं गेलं’ म्हणून नुसती मालिश करत बसणे इथे महागात पडते. नस शाबूत असेल तर चेहरा काही महिन्यांत सावरतो, पण कधी तारा उलटसुलट जुळतात आणि घास चावताना डोळा आपोआप मिटतो. कानातला सूं-सूं आवाज, डोकेदुखी आणि लवकर येणारा थकवा बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे कामचुकारपणाचा ठपका येतो.

सरकारदरबारीही हीच गत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकार मान्य केले, पण त्यातली श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे. ऐकण्यात किमान ६० डेसिबलची घट दोन्ही बाजूंना हवी; एका कानाने पूर्ण बहिरा झालेला माणूस तिच्यात बसत नाही.