एकदा सिझेरियन, म्हणजे नेहमीच?

‘पहिले सिझेरियन, म्हणजे दुसरेही सिझेरियनच!’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचे, १९१६ सालचे. (पहिलेच सिझेरियन जपून करा, असे खरे तर त्यांना सुचवायचे होते!)

त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. कळा म्हणजे याच स्नायूंचे आकुंचन. व्रण नेमका तिथेच असेल, तर प्रत्येक कळेला त्यावर ताण येणार. खालचा भाग पातळ असतो. तो जोर लावत नाही, नुसता ताणला जातो. ग्लासगोच्या मन्रो केर यांनी १९२०च्या दशकात तिथे आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. आज बहुतेक सिझेरियन तसेच होते.

असा एकच आडवा व्रण असताना नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर १०० पैकी सुमारे ७० ते ७५ जणींना ती साधते. व्रण उसवतो साधारण २०० मध्ये एकीचा. पण उसवला, तर बाळाच्या जिवाला काही मिनिटांतच धोका पोचतो. म्हणून शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच हा प्रयत्न व्हावा, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या बाजूला, दर सिझेरियनगणिक पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढत जातो.

पोटावरच्या व्रणावरून मात्र आतला छेद ओळखता येत नाही. बाहेर आडवा, आत उभा, असेही असू शकते. तो कळतो शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून. आणि नेमका तोच कागद अनेक घरांत सापडत नाही.