बेने इस्राएल समाजातील युवक-संघटना आणि नेतृत्वाचे शिक्षण

अल्पसंख्य समाजात नेतृत्वाचा प्रश्न हा प्रतिष्ठेचा नसून अस्तित्वाचा असतो. यहुदी परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षे पूर्ण झालेले किमान दहा पुरुष उपस्थित असावे लागतात. दहावा न मिळाल्यास प्रार्थनेचे काही भाग म्हणताच येत नाहीत. समाज जितका लहान, तितके कुमारवयीन मुलाच्या उपस्थितीचे मोल अधिक.

कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवीत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल लोक अठराव्या शतकापासून मुंबईत येऊ लागले. गावी कुटुंबाकडून सहज होणारे संस्कार शहरात संस्थांकडे सोपवावे लागले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये निघालेली इस्राएली शाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शाळेपेक्षा युवक-संघटनेची रीत निराळी. १९२९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘हबोनीम’ या चळवळीची शाखा विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतही कार्य करीत होती. या चळवळीत मोठी मुलेच लहानांस हाताशी धरून हिब्रू गीते, खेळ व शिबिरे यांतून शिकवीत. जबाबदारी अंगावर पडल्यानेच ती पेलण्याची शक्ती येते, हे त्यामागील तत्त्व.

तथापि या शिक्षणात एक अंतर्विरोध होता. इस्राएलमध्ये जाऊन वसणे हे चळवळीचे ध्येय असल्याने, तयार झालेला कार्यकर्ता देश सोडून जाणे हे तिचे यश, तर मागे राहिलेल्यांची ती हानी ठरे. भारतातील यहुद्यांची संख्या १९६१ च्या जनगणनेत १८,५५३ होती. १९७१ मध्ये ती ५,८२५ वर आली. या स्थलांतरास आर्थिक व कौटुंबिक कारणेही होती. सर्व भार युवक-चळवळीवर टाकणे योग्य होणार नाही.

२०११ च्या जनगणनेपर्यंत ही संख्या आणखी घटली. मुंबईत ‘ज्यूईश यूथ पायोनियर्स’सारख्या मंडळांनी सण-उत्सव व मेळाव्यांच्या निमित्ताने येथे राहिलेल्या तरुणांस एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. स्थिर समाजात नेत्याची योग्यता त्याच्या कारकिर्दीवरून मोजली जाते. जेथे आजचा नेता उद्या परदेशी जाण्याचा संभव असतो, तेथे त्याने आपल्यामागे कोणास तयार केले, हीच खरी कसोटी होय.