पडद्यावरची सुगी

सुगी हा शब्द पाठ्यपुस्तकात एकवचनात भेटत असला, तरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या शिवारात तो नेहमी अनेकवचनातच नांदतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या, सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि १४ तालुक्यांत विभागलेल्या या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर–रतनवाडीच्या परिसरात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर कर्जत–जामखेडकडे पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे मानतात. त्यामुळे अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे चालते, पठारावरची बाजरी त्याआधीच सोंगून झालेली असते, रब्बी ज्वारी माघ–फाल्गुनात काढणीला येते, गहू आणि उन्हाळ कांदा तिच्यामागून येतात, आणि प्रवरा–मुळेच्या कालव्यांखालच्या उसाची तोडणी या सगळ्यांना ओलांडून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबते. क्रियापदेही पिकानुसार बदलतात. विळ्याने उभे पीक कापणे ही सोंगणी, कणसे वेगळी करणे ही खुडणी, कांदा जमिनीतून घेणे ही काढणी, उसाची मात्र तोडणीच. मुलांना सुगी शिकवण्यासाठी तयार होणारी शैक्षणिक चित्रफीत, म्हणजे पाठ्यक्रमातील एखादा घटक दृश्य आणि निवेदन यांच्या साहाय्याने काही मिनिटांत मांडणारा लघुपट, साधारणपणे संपूर्ण राज्यासाठी एकच बनवली जाते, आणि तिच्यात हे अनेकवचन हमखास हरवते.

या माध्यमाचा भारतातील पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्राला वगळून झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवून ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा शैक्षणिक प्रक्षेपणाचा प्रयोग करण्यात आला, आणि त्यात शाळकरी मुलांसाठी सकाळी साडेबावीस मिनिटांचे कार्यक्रम दाखवले जात. त्यांतील विज्ञानविषयक कार्यक्रमांची निर्मिती मुंबईत झाली असली, तरी ते पाहणारी खेडी आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान येथील होती. मराठी मुलांच्या वाट्याला स्वतःची शैक्षणिक दूरचित्रवाणी आली ती १९८४ मध्ये, पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणजेच ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाल्यावर. इन्सॅट उपग्रहाच्या काळात देशातील निवडक राज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. मराठीतून, मराठी परिसर डोळ्यांसमोर ठेवून कार्यक्रम करणारी ही संस्था २०१७ मध्ये शासनाने बंद केली. ज्या वर्षी ती बंद पडली त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन अवतरले, हा योगायोग असला तरी बोलका आहे: निर्मितीचे एक घर मिटले आणि साठवणुकीचे एक कोठार उघडले. पुढे करोनाकाळात, २० जुलै २०२० पासून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. घर आणि परिसर हीच प्रयोगशाळा मानून कृतीतून शिकवण्याचा तिचा आग्रह या साऱ्या परंपरेत उठून दिसतो.

त्यानंतरचा काळ यूट्यूबचा. त्याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावे की ‘हार्वेस्ट’ हा शब्द टाकून शोध घेणाऱ्या मुलासमोर बहुधा परदेशातील अफाट गव्हाचे रान, त्यातून फिरणारे अजस्र यंत्र, लाल सफरचंदे आणि नारिंगी भोपळे येतात, आणि आपल्या घरामागे उभी असलेली ज्वारी ही सुगीच्या व्याख्येत बसत नाही अशी त्याची नकळत समजूत होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा कुठे ज्वारी–बाजरीला पडद्यावर थोडे मानाचे पान मिळाले.

ज्वारीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण चित्रफितीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका पिकात स्पष्ट दिसतात. रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरली जाते आणि पुढचे सुमारे चार महिने बव्हंशी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. भारी काळी जमीन ही ओल धरून ठेवते, म्हणूनच जिल्ह्याच्या दक्षिण भागात हे पीक टिकले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे वाण सुचवले आहेत: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. मुळे किती खोल जातात, ओल वरून खाली कशी आटत जाते, हे बांधावर उभ्या राहिलेल्या मुलाला दिसू शकत नाही. तेथे मातीचा उभा छेद दाखवणारे चित्र किंवा दिवसांचे क्षणांत रूपांतर करणारे वेगवान चित्रण यांना पर्याय नाही. पीक काढणीला आले हे ओळखण्याची शास्त्रीय खूण तर याहून बारीक आहे. दाणा जेथे कणसाला चिकटलेला असतो त्या टोकाशी काळा ठिपका दिसू लागला, की दाण्यात जाणारा अन्नरसाचा पुरवठा थांबला आणि दाणा पक्व झाला असे समजतात. हा ठिपका कॅमेऱ्याने पडदाभर मोठा करून दाखवला, तर चाळीस मुलांचा वर्ग तो एकाच वेळी पाहू शकतो. मात्र त्याच दाण्याचा हुरड्याच्या दिवसांतला दुधाळ मऊपणा आणि नंतरचा दाताखाली कळणारा टणकपणा यांतील फरक पडद्यावर येत नाही, आणि शेतकरी कुटुंबातील मूल पक्वता ओळखते ती बहुतेक वेळा दातानेच.

दुसरी अडचण काळाची. चार महिन्यांची प्रतीक्षा तीन मिनिटांत बसवताना चित्रफीत जो मधला काळ गाळते, तो राखणीचा असतो: माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याचा, आभाळाकडे पाहत अवकाळी पावसाची धास्ती घेण्याचा, चिकटा पडला की काय हे पाने उलटून पाहण्याचा. पेरणीनंतर लगेच भरलेले कणीस पाहणाऱ्या मुलाला सुगीचा आनंद दिसतो, त्या आनंदाचे कारण दिसत नाही. याच संदर्भात जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण उपयोगी ठरते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने दरवर्षी पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून, ज्याला तेथे पाण्याचा ताळेबंद म्हणतात, रब्बीत कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवण्याची प्रथा पाडली. सुगीचा पाठ या गावात पर्जन्यमापकापासून सुरू करावा लागतो. विळ्याच्या दृश्याने सुरू होणारी कोणतीही चित्रफीत तेथे अर्ध्यावरून सुरू झाल्यासारखी वाटेल.

जे शिवारातून नाहीसेच झाले आहे, त्याबाबत मात्र चित्रफितीचे काम निराळे आणि निर्विवाद मोलाचे आहे. जमीन चोपून, शेणाने सारवून केलेले खळे, त्याच्या मधोमध रोवलेला तिवडा, त्याभोवती मुसक्या बांधून फिरवले जाणारे बैल, उंच तिपाईवर उभे राहून वाऱ्याच्या अंदाजाने केली जाणारी उफणणी आणि शेवटी मापाने मोजली जाणारी रास, हा सारा क्रम मळणीयंत्राने काही तासांत, किंबहुना एका धुळीच्या लोटात गुंडाळून टाकला. या साधनांची नावे अजून घरोघरच्या वृद्धांना तोंडपाठ आहेत. त्यांच्या तोंडून, त्यांच्या तालुक्याच्या उच्चारांसह ती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे काम शाळांनी मुलांकडूनच करून घेतले, तर मुले प्रेक्षक न राहता निर्माते होतात. त्यासाठी लागणारे उपकरण बहुतेक शिक्षकांच्या खिशात असतेच. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या छोट्या चित्रफिती मोठ्या संख्येने तयार केल्या, तेव्हा त्यांचे सूत्र असेच साधे होते: थोडा वेळ, हातांचे जवळून चित्रण, आणि पाहणाऱ्याला उठून ते करून बघावेसे वाटेल असा शेवट. शेतीविषयक चित्रफितींनी हे सूत्र उचलले नाही. त्या अजूनही निवेदकाच्या भारदस्त आवाजावर आणि पार्श्वसंगीतावर विसंबून असतात.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्याविषयीचे चित्रण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. शाळेत कधीही न गेलेल्या राहीबाईंनी भात, वाल, घेवडा, भाज्या यांचे स्थानिक वाण जपले, बायफ या संस्थेच्या सहकार्याने घरीच बियाणे बँक उभी केली, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे व पोपटराव पवारांचे नाव पद्मश्रीसाठी एकाच यादीत जाहीर झाले. त्यांच्यावरचा अच्युतानंद द्विवेदी यांचा ‘सीड मदर’ हा सुमारे तीन मिनिटांचा लघुपट २०१९ मध्ये कान येथे नेस्प्रेसो टॅलेंट्स या उभ्या चौकटीतील लघुपटांच्या स्पर्धेत तिसरा आला. जगाला व्यक्ती ओळखीची करून देण्याचे काम त्याने उत्तम केले. वर्गासाठी मात्र वेगळ्या चित्रणाची गरज आहे, ज्यात बियाणे कसे निवडतात हे सावकाश दिसेल. कापणीआधी उभ्या पिकातून फिरून, निरोगी झाडाची भरघोस लोंबी किंवा शेंग हेरून, ती वेगळी वाळवून, राख लावून मडक्यात ठेवणे, या कृतीत सुगी संपत नाही, तर पुढच्या पेरणीला सुरुवात होते. संकरित बियाणे दरवर्षी का विकत घ्यावे लागते आणि गावरान बियाणे का साठवता येते, हा आनुवंशिकतेचा धडा सहावी–सातवीच्या मुलाला त्या मडक्यापाशी जितका चटकन कळेल तितका आकृतीवरून कळणार नाही.

निसर्गाच्या पाठांत तर दूरचे आणि जवळचे यांची अदलाबदल आणखी ठळक होते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील सिंह अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांना पडद्यावरून परिचित असतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यातील काळवीट त्या मानाने अपरिचित राहतो, आणि बिबट्या फक्त बातमीतून भेटतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल नसलेल्या, ऊसशेती आणि दाट वस्तीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीत सापडलेल्या आणि माळशेज घाटात सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेलेल्या ‘आजोबा’ या बिबट्यावर सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये चित्रपटही केला. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडणे ही या पट्ट्यातील दरवर्षीची घटना आहे. ते बछडे न हाताळता, वनविभागाच्या देखरेखीखाली सायंकाळी त्याच जागी ठेवले तर मादी येऊन त्यांना घेऊन जाते, आणि हे दृश्य स्वयंचलित कॅमेऱ्यांनी अनेकदा टिपले आहे. शाळेत दाखवण्यासाठी यापेक्षा उपयुक्त चित्रफीत क्वचितच सापडेल, कारण ती पाहणारे मूल दुसऱ्या दिवशी त्याच उसाच्या कडेने शाळेत यायचे असते.

उसापाशी आल्यावर विषयाची सर्वांत अवघड बाजू समोर येते. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. त्या उसाची तोडणी करणाऱ्या टोळ्या बीडबरोबरच याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून येतात. पती–पत्नीच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते दिवाळीनंतर घर सोडतात, आणि शिक्षणाची सोय नसेल तर मुलेही सोबत निघतात. उत्पादनाच्या कथेत ऊस शेतातून थेट गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागी, पोहोचलेला दाखवण्याची चित्रफितींची रीत आहे. मध्ये वाकलेली माणसे असली तर दुरून, सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर. सोबत निघालेल्या या मुलांसाठी शाळाही निघाल्या होत्या. कोसबाड–बोर्डीच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शाळा नेऊन ‘कुरणशाळा’ चालवली, त्याच धर्तीचा विचार साखरशाळांमागे, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या मुक्कामापाशी चालवलेल्या शाळांमागे, होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या मागे पडल्या आणि मुलांना जवळच्या शाळेत दाखल करणे किंवा मूळ गावीच हंगामी वसतिगृहात ठेवणे यावर भर आला.

वसतिगृहाचा लाभ न मिळालेली मुले फडावरच्या कोपीत राहतात आणि सुगीविषयी त्यांना जे ठाऊक असते ते कोणत्याही पटकथेत नसते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर अधिक असते आणि खोडव्याला फूटही चांगली येते. पाचट कोणते आणि वाढे कोणते, वाढ्यांना वैरण म्हणून गिऱ्हाईक कुठे मिळते, मोळी कशाने बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कशी चढवायची, हे सगळे त्यांना येते. नोव्हेंबरात पाथर्डीच्या एखाद्या वाडीवरील वर्गात ‘आपली पिके’ हा घटक पडद्यावर चालू असताना यांच्या जागा रिकाम्या असतात, आणि राहाता–श्रीरामपूरकडच्या ज्या शाळेत त्यांनी जावे असे कागदावर ठरलेले असते, तेथे ती काही आठवड्यांची पाहुणी असतात. अलीकडे ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. तिवड्याप्रमाणे कोयताही उद्या केवळ चित्रफितीतच पाहावा लागण्याचा संभव आहे, आणि तो चित्रित करायचा तर त्याची पकड दाखवायला आणि मोळीचा आळा कसा घालतात हे सांगायला याच मुलांपैकी कोणाला तरी बोलवावे लागेल.