नापास प्रयोग कोणाच्या खात्यावर?

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत गेली वीस-पंचवीस वर्षे 'इनोव्हेशन' हा शब्द न चुकता भेटतो. भिंतीवर घोषवाक्य असते, एखादी खोली रंगीबेरंगी खुर्च्या मांडून 'आयडिया लॅब' म्हणून सजवलेली असते, कँटीनच्या दाराशी सूचना पेटी असते. यातले काहीच वाईट नाही. पण कल्पनांचा तुटवडा म्हणून कुठली कंपनी मागे पडली, असे उदाहरण शोधायला गेले तर सहसा सापडत नाही. तुटवडा असतो तो कल्पना फसली तर तिचा भार कोणी उचलायचा, याच्या उत्तराचा. हे उत्तर ज्या कंपन्यांनी काही काळ तरी नीट दिले आणि ज्यांना ते देता आले नाही, अशा काहींचा हा आढावा.

सुरुवात घरातून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903च्या सुमारास पहिला लोखंडी नांगर घडवला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. लोखंड जमिनीत विष कालवते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे गेली. मालकच प्रयोगकर्ता असल्यामुळे त्या अपयशाची किंमत मोजणारा माणूस तिथेच बसला होता आणि वाट पाहायची की नाही हे ठरवणाराही तोच होता. खरा प्रश्न पुढे आला. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि दहा हजारांचे कर्ज दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी माणसे जमवली ती कशी? शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर गुन्ह्यांचा शिक्का होता, त्यांच्याच हाती राखणदारी दिली गेली. किर्लोस्करवाडीच्या कथेत उद्योजकाची जिद्द नेहमी सांगितली जाते. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की एकदा नापास ठरलेल्या माणसाला तिथे दुसरी संधी होती. (जाता जाता: कारखान्याचे वृत्त देण्यासाठी 1920 मध्ये निघालेले 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी नियतकालिकांचा एक सबंध कालखंड निघावा, हे कुठल्याही नियोजनात बसले नसते.)

मालकाच्या नजरेखालचा कारखाना मोठा झाला की मधे खातेप्रमुख येतात. नव्या कल्पनेला मूर्ख माणसापासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो हुशार, जबाबदार, आपले वार्षिक उद्दिष्ट पुरे करायला निघालेल्या खातेप्रमुखापासून. त्याचे काही चुकलेले नसते. त्याला जे मोजून पगारवाढ मिळते, तेच तो सांभाळतो. या अडचणीवर सर्वांत विचारपूर्वक उपाय शोधला तो अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या थ्रीएम कंपनीने. या कंपनीवर थोडे रेंगाळायला हवे, कारण तिच्या इतिहासात बांधणी आणि मोडतोड दोन्ही आहे.

थ्रीएमचा जन्मच फसगतीतून झाला. 1902 मध्ये कुरुंद दगड खणायला म्हणून ती निघाली आणि खाणीत निघाला भलताच, निरुपयोगी खडक. मग कंपनी सँडपेपरकडे वळली. 1907 मध्ये दुय्यम हिशेबनीस म्हणून लागलेले विल्यम मॅकनाइट पुढे तिचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली रिचर्ड ड्र्यू नावाचा, एकेकाळी बँजो वाजवून पोट भरणारा प्रयोगशाळा-सहायक होता. नवा सँडपेपर तपासायला तो एका मोटार रंगवणाऱ्या दुकानात गेला. तिथले कामगार वैतागले होते, कारण दुरंगी गाडी रंगवताना झाकायला लावलेला कागद काढला की ताजा रंगही सोबत निघायचा. मी उपाय काढतो, असे ड्र्यू बोलून बसला. चिकटपट्टीचे त्याला काहीही माहीत नव्हते. दोन वर्षे खटाटोप चालला. मॅकनाइटनी 'आता पुरे, सँडपेपरच्या कामाला लाग' असे सांगितले. तो लागला, आणि लगेच पुन्हा चिकटपट्टीकडे वळला. मॅकनाइटना ते दिसले, पण त्यांनी तोंड मिटून घेतले. पुढे यंत्रासाठी पैसे मागितले तेव्हा नकार मिळाला. ड्र्यूला शंभर डॉलरपर्यंतच्या खरेदीवर सही करायचा अधिकार होता. त्याने 99 डॉलरच्या ऑर्डरी एकापाठोपाठ एक फाडल्या आणि यंत्र उभे केले, असा किस्सा कंपनीच अभिमानाने सांगते. 1925 मध्ये मास्किंग टेप आली, 1930 मध्ये पारदर्शक सेलोफेन टेप. त्या वेळच्या मंदीत लोक फाटलेल्या वस्तू चिकटवून वापरत होते, त्यामुळे ही टेप धडाक्यात खपली.

या किश्श्यात सगळे लक्ष ड्र्यूच्या चलाखीकडे जाते. मला मॅकनाइट जास्त महत्त्वाचे वाटतात. आपला हुकूम मोडलेला दिसत असताना गप्प बसणे ही वरिष्ठाला जमणारी सर्वांत अवघड गोष्ट असावी. त्यांनी ते पुढे धोरणात उतरवले. कामाची जबाबदारी दिली की माणूस चुका करणारच, पण त्या चुका वरून हुकूम सोडणाऱ्यांच्या चुकांपेक्षा कंपनीला कमी महाग पडतात, असा 1948 मध्ये त्यांनी मांडलेल्या विचाराचा आशय होता. तंत्रज्ञांनी कामाच्या वेळेतला पंधरा टक्के वेळ मनाजोगत्या गोष्टीवर घालवावा, ही थ्रीएमची रूढी याच काळातली. गूगलचा वीस टक्क्यांचा नियम पुष्कळ नंतरचा.

पोस्ट-इटची गोष्ट वाचकांना माहीत असेल, पण तिच्यातल्या तारखा पाहा. स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये घट्ट चिकटणारा गोंद हवा होता, मिळाला तो हलकेच चिकटून सहज सुटणारा. त्याचा उपयोग कुणालाच सांगता येईना. सिल्व्हर वर्षानुवर्षे कंपनीतल्याच लोकांना त्याचे प्रात्यक्षिक दाखवत फिरत राहिले. 1974 मध्ये चर्चच्या गायनवृंदात गाणाऱ्या आर्ट फ्राय यांना भजनांच्या पुस्तकातून खुणेचे कपटे पडतात, या त्रासावर तो गोंद आठवला. 1977 मध्ये चार शहरांत विक्री करून पाहिली, लोकांनी ढुंकूनही पाहिले नाही. पुढल्या वर्षी आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात चिठ्ठ्या फुकट वाटल्या, तेव्हा लोक मागायला लागले. 1980 मध्ये देशभर विक्री सुरू झाली. म्हणजे बारा वर्षे. या बारा वर्षांत सिल्व्हर यांचे अप्रेझल कुणी लिहीत असेल ना? त्यांना 'काम नाही' असा शेरा मारून कुणी घरी पाठवले नाही, ही त्या पिवळ्या चिठ्ठीची अर्धी कथा आहे.

आता मोडतोड. 2001 च्या सुरुवातीला थ्रीएमच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच बाहेरचा माणूस आला: जनरल इलेक्ट्रिकमधले जेम्स मॅकनर्नी. त्यांनी सुमारे आठ हजार नोकऱ्या कमी केल्या आणि सिक्स सिग्मा आणले. ही पद्धत कारखान्यातला दोष हुडकून काढायला उत्तम आहे, तिच्यावर रोष धरण्याचे कारण नाही. पण तीच पद्धत संशोधनालाही लावली गेली. प्रत्येक टप्प्यावर बाजार किती, परतावा किती, केव्हा, याचे तक्ते भरा. 1970 मध्ये सिल्व्हर यांनी त्या रकान्यांत काय भरले असते? नफा सुधारला, शेअर बाजार खूश झाला. मात्र पाच वर्षांच्या आत आलेल्या नव्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्यावर आल्याचे 2007 मध्ये अमेरिकी पत्रकारांनी नोंदवले. मॅकनर्नी 2005 मध्ये बोइंगला गेले. त्यांच्यानंतरच्या जॉर्ज बकली यांनी संशोधन विभागाच्या मानेवरचे हे जोखड सैल केले. जे उभे करायला पन्नास वर्षे लागली ते ढिले व्हायला पाच पुरली.

कोडॅकची कहाणी आता इतकी उगाळली गेली आहे की थोडक्यात पुरे. 1975 मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मवर पोसलेल्या कंपनीला फिल्म नको करणारे यंत्र सापडले, इतकाच तिचा गाभा. शोध लावणाऱ्यांनी आपले काम केले होते.

जपानची वाट निराळी. टोयोटाने 1951 मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली, तिचे मूळ एजी टोयोडा यांनी अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहिलेल्या योजनेत होते. सूचना पेटी तर आपल्याकडेही लटकते. टोयोटात फरक असा, की दोष दिसला तर कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याला कुणी फैलावर घेत नाही. सूचनेमागे असा अधिकार नसेल तर पेटीत काय जमते, हे कुठल्याही सुपरवायझरला विचारावे. आपल्याकडे 1980 मध्ये हैदराबादच्या बीएचईएलमधून क्वालिटी सर्कलची चळवळ सुरू झाली आणि पुण्या-नाशिकच्या कारखान्यांतही रुजली. कित्येक ठिकाणी तिने खरेच कामगाराला बोलते केले. कित्येक ठिकाणी ती स्पर्धेच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून सादरीकरण करण्यापुरती उरली.

टाटा समूहाने 2006 पासून 'इनोव्हिस्टा' नावाची स्पर्धा भरवली. तिच्यात नंतर 'डेअर टू ट्राय' हा विभाग आला, म्हणजे प्रामाणिकपणे केलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांना पारितोषिक. आपल्या समाजात नापास झालेल्या मुलाचा फोटो पेपरात येत नाही, तिथे हे धाडसच. तरीही माझ्या लेखी जास्त बोलके उदाहरण पुण्याचे आहे. टाटांच्या पुण्यातल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचे काम झाले. त्याचे 'सुजल' नावाचे साधे गाळणे 2004च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात वापरले गेले. बाजारात येण्यासाठी त्या कल्पनेला टाटा केमिकल्स हवी होती, चांदीच्या सूक्ष्म कणांची जोड हवी होती, टायटनची यंत्रबांधणीची हातोटी हवी होती. डिसेंबर 2009 मध्ये वीज आणि नळ दोन्ही न लागणारे 'टाटा स्वच्छ' आले, किंमत हजार रुपयांच्या आत. तीन कंपन्यांचे नफा-तोट्याचे वेगळे हिशेब असताना आपले काम बाजूला ठेवून दुसऱ्याचे काम करण्याला कुणीतरी वरून अभय दिल्याशिवाय हे घडत नाही.

एवढे असूनही देशाचे चित्र बारीकच आहे. 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता, आणि त्यातला खासगी उद्योगांचा वाटा सुमारे 36 टक्के. पुढारलेल्या औद्योगिक देशांत यातला मोठा भाग कंपन्याच उचलतात. यावर उद्योजकांना दोष देणे सोपे आहे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातला छोटा कारखानदार मात्र ग्राहकाच्या ड्रॉइंगबरहुकूम पार्ट बनवतो. ग्राहक दर वर्षी दर कमी करून मागतो. मशिनचा प्रत्येक तास विकलेला असतो, प्रयोगाला तास काढायचा तर तो स्वतःच्या नफ्यातून. त्याच्या सेटरला एखाद्या पार्टमधले एक भोक वाचवता येईल असे सुचले, तरी ड्रॉइंग बदलायला ग्राहकाची मंजुरी हवी, ती यायला महिने लागतात, आणि वाचलेले पैसे पुढच्या वर्षीच्या दरकपातीत ग्राहकाकडेच जातात. मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांच्या परिषदेत व्यासपीठावरून नावीन्याचा आग्रह धरायचा असेल, तर त्यांनी बचतीचा निम्मा वाटा सुचवणाऱ्याकडे राहू देण्याचे कलम खरेदीच्या करारात घालावे. करार त्यांच्याच खरेदी विभागात लिहिला जातो.