मोडीतल्या चमच्यावरचा सिंह

जळगावच्या सराफ बाजारात मोडीच्या ढिगात एक काळवंडलेला चमचा दिसला. आटवायलाच निघाला होता! दांड्यामागे भिंग धरलं, तर ओळीने पाच बारीक छाप.

एक पंजा उचलून चालणारा सिंह, म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, ९२.५ टक्के शुद्ध. शेजारी जहाजाचा नांगर, म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमची. लंडनला बिबट्याचं तोंड असतं.

मग राणीचा चेहरा. हा चांदीवरचा कर भरल्याची खूण, १७८४ ते १८९० एवढीच चालली. म्हणजे चमचा व्हिक्टोरियाच्या काळातला.

अक्षर वर्षाचं. पण तेच अक्षर काही वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून वळण आणि भोवतीची चौकट तक्त्याशी ताडून पाहायची. उरलेली आद्याक्षरं कारागिराची.

'ई.पी.एन.एस.' दिसलं तर मात्र चांदीचा नुसता मुलामा, आत जर्मन सिल्व्हर. धुळ्याच्या मित्राकडचा अख्खा संच तसाच निघाला. बिचारा आठवडाभर बोलला नाही.

आणि हो, छापांवर पितांबरी घासू नका, झिजतात.

घरात असं काही असेल तर छापांचा जवळून फोटो टाका, मिळून वाचू.